कृष्णद्रव्याची धक्काबुक्की

आजच्या भाषणाची सुरुवात एका कबुलीने करायची आहे.

२००६ च्या ऑगस्टमध्ये प्लूटोचे ग्रहपद गेले, हे तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांत, शाळांत, कट्ट्यावर प्लूटोशिवाय दुसरा विषय नव्हता. प्लूटोचा निकाल लागला २४ तारखेला. त्याच्या तीनच दिवस आधी, २१ ऑगस्टला, खगोलशास्त्रातली त्याहून कितीतरी मोठी बातमी अमेरिकेत जाहीर झाली होती. आपल्याकडे मात्र ती प्लूटोच्या गलबल्यात जवळपास बुडाली. विश्वातले जे अदृश्य द्रव्य आहे, ज्याला आपण कृष्णद्रव्य म्हणतो, ते नेहमीच्या द्रव्यापासून बाजूला पडलेले प्रथमच स्पष्ट दिसले होते. दिवाळीनंतर मला रेडिओवर बोलायची संधी मिळाली तेव्हा मी मुद्दाम हाच विषय घेतला, आणि भाषणाच्या शेवटी ठासून सांगितले की, कृष्णद्रव्याचे कण एकमेकांना धडकतात ही कल्पना आता कायमची निकालात निघाली आहे.

काही दिवसांनी नगर जिल्ह्यातून एका श्रोत्याचे पोस्टकार्ड आले. अक्षर वळणदार, मजकूर दोन ओळींचा. ‘तुम्ही म्हणता, दीर्घिकांचे ते दोन समूह प्रचंड वेगाने एकमेकांतून आरपार गेले. सावकाश गेले असते तर?’ मी उत्तर पाठवले. चार ओळींचे आणि जरा मास्तरी थाटाचे. वेगाने मूळ निष्कर्षात फरक पडत नाही, असे मी त्यात लिहिले होते. तीस वर्षे कॉलेजात भौतिकी शिकवलेल्या माणसाने असे लिहायला नको होते. का नको होते, ते आज सांगतो.

गोष्ट सुरू होते १९३३ साली. फ्रिट्झ झ्विकी नावाचा स्विस शास्त्रज्ञ कॅलिफोर्नियात काम करत होता. माणूस अतिशय बुद्धिमान आणि तितकाच तिरसट. अरुंधती केश या तारकासमूहाच्या दिशेला दीर्घिकांचा एक मोठा समूह दिसतो, त्यातल्या दीर्घिकांचे वेग तो तपासत होता. दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे अब्जावधी ताऱ्यांचे कुटुंब. हा शब्द जयंत नारळीकरांच्या पुस्तकांतून आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. झ्विकीला आढळले की, या दीर्घिका इतक्या वेगाने फिरताहेत की डोळ्यांना दिसणाऱ्या द्रव्याचे गुरुत्वाकर्षण त्यांना बांधून ठेवू शकणार नाही. समूह केव्हाच पांगायला हवा होता. पांगला नाही, त्याअर्थी तिथे न दिसणारे द्रव्य पुष्कळ असले पाहिजे. त्याने जर्मनमध्ये निबंध लिहिला आणि त्यात या द्रव्याला ‘काळे द्रव्य’ म्हटले. पुढची तीन-साडेतीन दशके त्याकडे फारसे कोणी गांभीर्याने पाहिले नाही.

१९७० साली व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी दीर्घिकेच्या फिरण्याचे मोजमाप प्रसिद्ध केले. आपल्या सूर्यमालेत पृथ्वी सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने फिरते, तर दूरचा नेपच्यून जेमतेम साडेपाच. जितके दूर तितके सावकाश, हा साधा नियम. दीर्घिकेतही कडेचे तारे आणि वायू सावकाश फिरायला हवेत. पण ते तसे फिरत नव्हते. कडेपर्यंत वेग जवळपास सारखाच. पुढे रुबिनबाईंनी आणखी कितीतरी दीर्घिका तपासल्या. अल्बर्ट बोस्मा याने १९७८ मध्ये हॉलंडमधल्या रेडिओ दुर्बिणीने हायड्रोजन वायू जिथवर पसरला आहे तिथवर मोजले. उत्तर तेच. प्रत्येक दीर्घिका म्हणजे कृष्णद्रव्याच्या एका अवाढव्य गोळ्याच्या मध्यभागी बसलेला प्रकाशाचा छोटा दिवा. शास्त्रज्ञ या गोळ्याला हेलो म्हणतात, आपण वेष्टन म्हणू. विश्वात हे द्रव्य नेहमीच्या द्रव्याच्या सुमारे पाचपट आहे.

हे द्रव्य कसले? ऐंशीच्या दशकात एक उत्तर सर्वमान्य झाले. ते अशा कणांचे बनलेले आहे, जे गुरुत्वाकर्षणाखेरीज कशालाच दाद देत नाहीत. ते प्रकाश देत नाहीत, अडवत नाहीत. आपल्या अणूंना शिवत नाहीत आणि एकमेकांनाही शिवत नाहीत. याला ‘शीत कृष्णद्रव्य’ असे नाव पडले. दिवाळीच्या आधीच्या रविवारी तुळशीबागेत शिरलेली माणसे आठवा, आणि कल्पना करा की त्या गर्दीतले प्रत्येक माणूस दुसऱ्यातून धुरासारखे आरपार निघून जाते आहे. कुणाचा कुणाला धक्का नाही. तशी ही गर्दी.

या गृहीतावर विश्वाचा मोठा नकाशा फार सुंदर जुळला. दीर्घिका कुठे दाटल्या, कुठे पोकळ्या राहिल्या, सगळे बरोबर. अडचण आली ती लहान गोष्टींत.

नव्वदच्या दशकात संगणक इतके सुधारले की, कृष्णद्रव्याचे वेष्टन कसे घडते ते त्यावर घडवून पाहता येऊ लागले. नवारो, फ्रेंक आणि व्हाइट या तिघांनी १९९६ आणि १९९७ मध्ये दाखवले की, वेष्टन लहान असो की मोठे, त्याची घडण एकाच साच्यातली असते. केंद्राकडे जावे तशी घनता वाढत जाते आणि अगदी केंद्रात ती टोकदार होते. आपल्या सह्याद्रीच्या भाषेत सांगायचे तर लिंगाण्यासारखा सुळका. उलट दुर्बिणी जे सांगत होत्या ते वेगळे होते. कृष्णद्रव्य तपासायला सगळ्यांत चांगल्या जागा म्हणजे ठेंगू दीर्घिका, कारण त्यांच्यात तारे अगदी थोडे आणि बाकी सगळा कारभार कृष्णद्रव्याचा. १९९४ मध्ये बेन मूर यांनी, आणि स्वतंत्रपणे फ्लोरेस व प्रायमॅक या जोडीने दाखवून दिले की, या ठेंगू दीर्घिकांच्या केंद्रात सुळका दिसतच नाही. घनता वाढते आणि मग एका पातळीवर सपाट होते. पाचगणीच्या टेबललँडसारखी. सुळका की पठार, हा वाद तेव्हापासून सुरू आहे.

या वादात आपल्या महाराष्ट्रातल्या यंत्राचाही वाटा आहे. नारायणगावजवळ खोडदला जी महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० ॲंटेना, २५ किलोमीटर परिसरात विखुरलेल्या, ती तुमच्यापैकी काहींनी विज्ञान दिनाला पाहिली असेल. मी विद्यार्थ्यांना घेऊन दोनदा गेलो आहे. तारांच्या जाळीच्या त्या थाळ्या पाहून एका मुलाने विचारले होते, ‘सर, यातून पाऊस खाली पडत नाही का?’ पाऊस पडतो, वाराही निघून जातो, म्हणून तर जाळी. असो. हायड्रोजन वायू २१ सेंटिमीटर तरंगलांबीच्या रेडिओलहरी सोडतो आणि त्या या दुर्बिणीला टिपता येतात. आयेशा बेगम आणि जयराम चेंगालूर यांनी एका जर्मन सहकाऱ्यासह या दुर्बिणीने जिराफ तारकासमूहातली कॅमेलोपार्डालिस बी नावाची अतिशय मिणमिणती दीर्घिका तपासली. २००३ मध्ये त्यांचा निबंध आला. या दीर्घिकेतला वायू सेकंदाला जास्तीत जास्त ७ किलोमीटर वेगाने फिरतो. आपला सूर्य आकाशगंगेभोवती सव्वादोनशेच्या पुढे वेगाने फिरतो, त्यापुढे हे म्हणजे गोगलगाय. इतका लहान वेग मोजणे हीच कसरत होती. मोजमापाला कोणता साचा बसतो ते त्यांनी पाहिले. पठाराचा बसला, सुळक्याचा बसेना.

दुसरी अडचण संख्येची होती. आकाशगंगेसारख्या दीर्घिकेभोवती शेकडो छोटी वेष्टने घोटाळत असावीत असे संगणक म्हणत होता, आणि १९९९ मध्ये आकाशगंगेच्या सोबतीला असलेल्या ठेंगू दीर्घिका माहीत होत्या जेमतेम डझनभर. ही अडचण नंतर बरीच निवळली. चांगल्या सर्वेक्षणांतून नव्या, अतिशय अंधूक दीर्घिका सापडत गेल्या, आणि पुष्कळशा लहान वेष्टनांत तारे पेटलेच नसतील हेही लक्षात आले. पण तेव्हा दोन्ही अडचणी एकदम उभ्या होत्या.

अशा वेळी प्रिन्स्टन विद्यापीठातल्या दोघांनी एक धीट सूचना केली. डेव्हिड स्पर्गेल आणि पॉल स्टाइनहार्ट. त्यांचा निबंध २००० च्या एप्रिलमध्ये प्रसिद्ध झाला. म्हणणे असे की, कृष्णद्रव्याचे कण आपल्याला शिवत नसतील, पण एकमेकांना का शिवू नयेत? तुळशीबागेतली माणसे दुकानदारांना दिसत नाहीत म्हणून काय झाले, त्यांची आपसात धक्काबुक्की चालू असू शकते. अशा टकरा होणारे कृष्णद्रव्य १९९२ मध्ये काही जणांनी सुचवले होते, पण वेगळ्या हेतूने. दीर्घिकांच्या केंद्राचे कोडे सोडवायला ती कल्पना वापरली ती या दोघांनी.

टकरींनी पठार कसे तयार होते, ते जरा सावकाश पाहू, कारण सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. सुळक्याच्या साच्यात एक विचित्र गोष्ट असते. केंद्रात दाटी सर्वांत जास्त, पण तिथल्या कणांची धावपळ भोवतालच्या कणांपेक्षा कमी. म्हणजे केंद्र थंड, भोवताल गरम. कण एकमेकांना शिवतच नसतील तर हा फरक तसाच राहतो. पण टकरा होऊ लागल्या की, गरम दुधाच्या पातेल्यात थंड वाटी ठेवल्यावर जे होते तेच होणार. उष्णता आत शिरते. केंद्रातले कण जोरात धावू लागतात, त्यांच्या कक्षा रुंदावतात, ते बाहेरच्या बाजूला सरकतात आणि सुळका झिजून पठार होते.

टकरा किती लागतात? फार नाही. शास्त्रज्ञ त्याचे माप असे घेतात की, एक ग्रॅम कृष्णद्रव्यातले सगळे कण शेजारी शेजारी मांडले तर टकरीसाठी किती जागा अडवतील. ग्रॅमला एक चौरस सेंटिमीटर, म्हणजे आपल्या नखाएवढी जागा अडली तर काम भागते. अणूच्या पोटातले कण एकमेकांवर आदळतात, त्याच्या जवळपासचाच हा आकडा आहे. या हिशेबाने सूर्याच्या परिसरातल्या कृष्णद्रव्याच्या कणाला दीड-दोन अब्ज वर्षांतून एकदा धक्का बसेल. हे गणित मी घरी बसून पुन्हा करून पाहिले, आणि एवढ्या तुटपुंज्या टकरींनी दीर्घिकेचे केंद्र बदलते यावर माझा क्षणभर विश्वास बसेना. पण दीर्घिकांचे वय दहा अब्ज वर्षांच्या घरात असते. तेवढ्या काळात पाच-सात धक्के पुरतात.

कल्पना सुरेख होती आणि ती तपासता येण्यासारखी होती. तपासली गेली, आणि तिच्यावर एकामागून एक घाव बसले.

पहिला घाव २००२ चा. होर्दी मिराल्दा-एस्कुदे या शास्त्रज्ञाने एका दूरच्या दीर्घिकासमूहाचा आकार पाहिला. समूहाच्या गुरुत्वाकर्षणाने मागून येणारा प्रकाश वाकतो आणि त्यावरून समूहातले अदृश्य वस्तुमान कसे पसरले आहे ते कळते. हे वस्तुमान लांबट होते. टकरा होत असत्या तर दगडगोटे नदीत घासून गोल होतात तसे ते गोल व्हायला हवे होते. त्यावरून त्याने मर्यादा काढली: ग्रॅमला ०.०२ चौरस सेंटिमीटर. नखाएवढ्या जागेचा पन्नासावा भाग. एवढ्याशा टकरींनी कुठलेही पठार होत नाही.

दुसरा घाव तो २००६ चा, ज्याच्यावर मी भाषण ठोकले होते. दक्षिण गोलार्धातल्या कॅरिना तारकासमूहात, सुमारे पावणेचार अब्ज प्रकाशवर्षांवर दोन दीर्घिकासमूह एकमेकांवर आदळून पलीकडे गेले आहेत. त्यांच्यातला लहान समूह बंदुकीच्या गोळीसारखा दिसतो म्हणून त्याला ‘बुलेट’ म्हणतात. समूहांतला तप्त वायू एकमेकांत अडकून मध्येच रेंगाळला. क्ष-किरणांच्या चंद्रा दुर्बिणीला तो गुलालासारखा मध्यभागी दिसतो. चंद्रा हे नाव आपल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखरांवरून. डग्लस क्लोव आणि सहकाऱ्यांनी प्रकाश वाकण्यावरून वस्तुमानाचा नकाशा काढला तेव्हा दिसले की, वस्तुमानाचा मोठा भाग वायूपाशी नाहीच. तो दीर्घिकांबरोबर पुढे निघून गेला आहे. कृष्णद्रव्य कृष्णद्रव्यातून जवळजवळ विनातक्रार गेले. मार्केविच यांनी २००४ मध्येच यावरून टकरींना मर्यादा घातली होती, ग्रॅमला एक चौरस सेंटिमीटरच्या आसपास. २००८ मध्ये ती आणखी पक्की झाली.

कृष्णद्रव्य आहे की नाही या वादात हा पुरावा फार वजनदार ठरला आणि तो आजही तसाच आहे. माझी चूक तिथे नव्हती. चूक पुढच्या पायरीवर झाली, आणि समाधान एवढेच की मी तिथे एकटा नव्हतो. पुष्कळ शास्त्रज्ञांनी या विषयावरून हात झटकले होते.

झाले असे की, ही कल्पना २००० मध्ये आली तेव्हा सोयीसाठी असे धरले होते की टकरीची शक्यता वेगावर अवलंबून नाही. कॅरमच्या सोंगट्यांसारखे. जोरात मारा की हळू, सोंगटीची रुंदी तीच. पण निसर्गातले कण सोंगट्यांसारखे नसतात. अर्नेस्ट रुदरफोर्डने १९११ मध्ये अणुकेंद्रावर आदळणाऱ्या अल्फा कणांचे जे सूत्र मांडले, ते मी स्वतः दरवर्षी फळ्यावर लिहीत असे. त्यात वेगाचा चौथा घात छेदात येतो. म्हणजे वेग दुप्पट झाला की वळण्याची शक्यता सोळाव्या हिश्श्यावर येते. जोरात जाणारा कण फारसा वळत नाही, सावकाश जाणारा चांगलाच वळतो. बुलेट समूहातल्या धक्क्याच्या लाटेचा वेग सेकंदाला सुमारे साडेचार हजार किलोमीटर मोजला गेला. प्रत्यक्ष समूहांचा वेग त्याहून कमी असावा असे नंतरच्या गणितांतून निघाले, पण तोही हजारोंतलाच. ठेंगू दीर्घिकेत मात्र कृष्णद्रव्याचे कण काही दहा किलोमीटर वेगाने हिंडतात. एकीकडे घातलेली मर्यादा दुसरीकडे जशीच्या तशी लावायची, हेच मुळात चुकीचे होते. पोस्टकार्डावरचा प्रश्न नेमका हा होता, आणि रुदरफोर्डचे सूत्र पाठ असलेल्या माणसाने त्याला नाही म्हणून कळवले होते.

२००९ पासून कॅलिफोर्नियातल्या काही मंडळींनी, त्यांत मनोज कपलिंगहाट आणि हाय-बो यू ही नावे पुढे सतत येतात, वेगानुसार बदलणाऱ्या टकरींचा विचार नव्याने सुरू केला. २०१३ मध्ये ॲनिका पीटर, मिगेल रोचा, जेम्स बुलक आणि कपलिंगहाट यांनी संगणकावर टकरा होणारे विश्व पुन्हा घडवले. त्यात पहिल्या घावाची धारही गेली. टकरींनी समूहाचा फक्त आतला भाग गोल होतो, बाहेरचा लांबटच राहतो, आणि प्रकाश वाकवण्यात दृष्टिरेषेवरच्या सगळ्याच वस्तुमानाचा हात असतो. म्हणजे अकरा वर्षांपूर्वीची ती कडक मर्यादा अवाजवी कडक होती. २०१६ मध्ये कपलिंगहाट, शॉन टुलिन आणि यू यांनी ठेंगू दीर्घिकांपासून मोठ्या समूहांपर्यंतची मोजमापे एकत्र मांडली. लहान दीर्घिकांत ग्रॅमला सुमारे दोन चौरस सेंटिमीटर, समूहांत त्याचा विसावा भाग, असे धरले तर दोन्हीकडचे चित्र जुळते, असा त्यांचा निष्कर्ष. वेगवेगळ्या आकारांच्या दीर्घिका म्हणजे वेगवेगळ्या वेगांवर चालणारी, निसर्गानेच बांधून ठेवलेली टक्करयंत्रे.

याच सुमारास एक नवे कोडे पुढे आले होते. २०१५ मध्ये काइल ओमन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, बाहेरच्या बाजूला सारख्याच वेगाने फिरणाऱ्या ठेंगू दीर्घिका आतल्या बाजूला अजिबात सारख्या नसतात. कुणाच्या पोटात दाट सुळका, तर आयसी २५७४ सारखीच्या पोटात भलेमोठे पठार. एकाच साच्यातून काढलेल्या विटा अशा वेगवेगळ्या कशा?

इथे जुन्या आक्षेपाला नवी किंमत आली. १९६८ मध्ये डोनाल्ड लिंडेन-बेल आणि रॉजर वुड यांनी ताऱ्यांच्या गोलाकार गुच्छांबद्दल एक चमत्कारिक गोष्ट सांगितली होती. गुरुत्वाकर्षणाने बांधलेल्या गोष्टीने उष्णता गमावली की ती थंड होत नाही, उलट अधिक गरम होते. कृत्रिम उपग्रहाचे तसेच असते. वातावरणाशी घासून त्याची ऊर्जा घटते, तो खाली येतो आणि पूर्वीपेक्षा जोरात फिरू लागतो. टकरा होणाऱ्या कृष्णद्रव्याचे पठार तयार झाल्यावर पुष्कळ काळाने उष्णतेचा प्रवाह उलटतो. केंद्र बाहेर उष्णता देऊ लागते, आकसते, त्यामुळे आणखी तापते, आणखी देते, आणि शेवटी कोसळून आधीच्या सुळक्याहूनही टोकदार होते. २००० च्या सुमारास हे टीकाकारांचे हत्यार होते: तुमचे पठार टिकणारच नाही. आता तोच गुण ठरला. कुठे पठाराची अवस्था, कुठे कोसळण्याची. मोठ्या दीर्घिकेने लहानीचे बाहेरचे वेष्टन ओरबाडले तर कोसळणे लवकर येते. म्हणजे एकाच कारणाने विरळ आणि दाट दोन्ही प्रकार मिळू शकतात.

तशी दाट, काळी ढेकळे आकाशात आहेत काय? काही जागा संशयास्पद आहेत. एका दूरच्या दीर्घिकेमुळे वाकलेल्या प्रकाशाच्या कमानीत सिमोना वेजेट्टी यांनी २०१० मध्ये एक अदृश्य ढेकूळ शोधले, आणि २०२१ मध्ये क्विन मायनर आणि सहकाऱ्यांनी ते अपेक्षेहून फारच दाट असल्याचे म्हटले. आपल्याच आकाशगंगेत जीडी-१ नावाचा ताऱ्यांचा बारीक, लांबच लांब ओघ आहे. त्यात एक तुटलेली जागा आणि बाजूला निघालेला फाटा दिसतो. ॲना बोनाका यांच्या गटाने २०१९ मध्ये लिहिले की, कुठलीतरी जड आणि दाट वस्तू त्यातून गेली असावी. जाणारी वस्तू कोणती, ते दिसत नाही.

मात्र आता मी शहाणा झालो आहे, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. पठार तयार करायला टकराच लागतात असे नाही. मोठे तारे सुपरनोव्हा होऊन फुटतात तेव्हा ते वायूला केंद्रातून बाहेर फेकतात. वायू परत येतो, पुन्हा फेकला जातो. गुरुत्वाकर्षणाच्या या वारंवार हिसक्यांनी कृष्णद्रव्यही हळूहळू बाहेर सरकते. अँड्र्यू पाँट्झेन आणि फाबिओ गव्हर्नाटो यांनी २०१२ मध्ये याचे गणित चांगले मांडले आहे. अनेक शास्त्रज्ञांना तेवढे पुरेसे वाटते. शिवाय या विषयात घाईचा फटका दोन्ही पक्षांना बसला आहे. आबेल ३८२७ नावाच्या समूहात एका दीर्घिकेचे कृष्णद्रव्य तिच्या ताऱ्यांपासून सुमारे पाच हजार प्रकाशवर्षे मागे पडलेले दिसते, असे २०१५ मध्ये रिचर्ड मॅसी यांच्या गटाने जाहीर केले. टकरींचा पहिला पुरावा म्हणून जगभर बातम्या झाल्या. २०१८ मध्ये त्याच गटाने चिलीतल्या आल्मा दुर्बिणीने पुन्हा पाहिले तेव्हा कृष्णद्रव्य जागच्या जागी होते. त्यांनी ते स्वतःच प्रसिद्ध केले. मला त्या दुसऱ्या निबंधाचे जास्त कौतुक वाटते.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशासाठी? कण एकमेकांना धडकले काय आणि न धडकले काय, आपल्याला त्याचे काय? त्याचे कारण जमिनीखाली आहे. अमेरिकेतल्या साउथ डाकोटात सोन्याच्या जुन्या खाणीत, दीड किलोमीटर खोल, द्रवरूप झेनॉनची दहा टनांची टाकी ठेवली आहे. कृष्णद्रव्याचा एखादा कण येऊन झेनॉनच्या अणूला धडकेल म्हणून तिथे डोळ्यांत तेल घालून वाट पाहिली जाते. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांतही त्या यंत्राला असा कण सापडलेला नव्हता. समजा, कृष्णद्रव्य आपल्या अणूंना कधीच शिवत नसेल, तर जगातली कोणतीही टाकी त्याला पकडणार नाही. मग त्याचा स्वभाव ओळखायला एकच जागा उरते: जिथे ते स्वतःच स्वतःशी भिडते त्या दीर्घिकांची पोटे. म्हणून त्या गोगलगायीसारख्या ठेंगू दीर्घिकांचे सेकंदाला सात किलोमीटर मोजण्याला एवढे मोल आहे. चिलीच्या डोंगरावर व्हेरा रुबिन यांच्या नावाची नवी वेधशाळा उभी राहिली आहे. तिची पहिली छायाचित्रे जून २०२५ मध्ये आली. दहा वर्षांच्या नियोजित सर्वेक्षणात ती अशा अंधूक दीर्घिका आणि वाकलेल्या प्रकाशाच्या कमानी मोठ्या संख्येने शोधील, अशी अपेक्षा आहे. हिशेब तिथे लागेल, किंवा निदान सुपरनोव्हा आणि टकरा यांतला भेद तरी थोडा स्पष्ट होईल. कोणत्या बाजूने, त्यावर पैज लावायला मी तयार नाही. एकदा लावून झाली आहे.

ते पोस्टकार्ड मी जपून ठेवायला हवे होते. घर बदलताना कुठेतरी गेले आणि पत्ता त्याच्याबरोबर गेला. ते गृहस्थ हे भाषण ऐकत असतील तर त्यांना माझे जुने उत्तर फाडून टाकायला सांगतो. नवे उत्तर असे: सावकाश गेले असते, तर कदाचित अडखळले असते.